मदत हवी आहे: तारांगणात लाइव्ह इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवायचंय, घुमटाची भीती वाटतेय

नमस्कार मंडळी,
मी बॉस्टनजवळ राहतो. दिवसा नोकरी, रात्री मॉड्युलर सिंथ (सुटे भाग तारांनी जोडून आवाज बनवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य). (आमच्या घराण्याचा इलेक्ट्रॉनिक संगीताशी याआधीचा संबंध म्हणजे आईच्या रियाजाचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा.) इथल्या एका संग्रहालयाच्या तारांगणात पुढच्या महिन्यात रात्रीचा कार्यक्रम आहे, त्यात मला २५ मिनिटं मिळालीत. घुमटावरची दृश्यं तिथलाच एकजण त्याच वेळी चालवणार. तालीम एकच तास, तीही त्याच दिवशी, शाळांचे खेळ संपल्यावर.

आजवर मी बारमध्ये वाजवलंय: दोन स्पीकर, समोर लोक. इथे खुर्च्या गोलाकार आणि मधोमध ताऱ्यांचं यंत्र. म्हणजे माझं डावं ते पलीकडच्यांचं उजवं! साउंडवाला म्हणतो, पडद्यामागे सगळीकडे स्पीकर आहेत, आठ वेगळे चॅनल (आवाजाच्या स्वतंत्र वाटा) देतो. आठांचं करू काय?

दुसरं म्हणजे अंधारात मी दिसणारच नाही. मी खरंच वाजवतोय की रेकॉर्डिंग लावून बसलोय, हे कळणार कसं? बायको म्हणते, "लोक तारे बघायला येतात, तुला नाही." खरं असेल, पण पोटात गोळा आहेच.

कुणी असं काही केलंय का? आगाऊ धन्यवाद.

खर्जबहाद्दर:
आधी स्टिरिओ विसरा. तालमीला गेलात की पहिलं काम, यंत्राजवळ उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवा. घुमट २० मीटर व्यासाचा असेल तर छतापर्यंत १० आणि परत १०, म्हणजे साधारण ६० मिलिसेकंदांनी टाळी परत येईल, आणि गोल छत ती नेमकी मधोमध गोळा करतं. पडदा बारीक भोकांच्या ॲल्युमिनियमचा आणि मागे ध्वनी शोषणारं अस्तर असेल तर त्रास कमी. तरी जलद हाय-हॅट (झांजेसारखा ताल) वगैरे चिखल होण्याची शक्यता धरून ठेवा. माझं मत विचाराल तर ताल अर्ध्यावर आणा.

आता आठ चॅनल. खर्ज फिरवत बसू नका, तो कुठून येतो हे कानाला नीट कळतच नाही. आवाज डोक्यावर आहे हे ओळखायला कानाच्या पाळीला वरच्या पट्टीतली खरखर लागते. म्हणून तानपुऱ्यासारखा भरणा आठही स्पीकरांत स्थिर ठेवा, आणि फिरवायचा तो खुळखुळा.

जुनी_तबकडी:
हे सगळं फार जुनं आहे हो. १९५७ ते १९५९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला, गोल्डन गेट पार्कमधल्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या मॉरिसन तारांगणात 'व्होर्टेक्स' नावाचे कार्यक्रम झाले. आवाज हेन्री जेकब्सचा, दृश्यं जॉर्डन बेल्सनची. ६५ फुटी घुमट, तिसाहून जास्त स्पीकर. संगीत टेपवरचंच, पण जेकब्स ते कन्सोलवरून घुमटाभोवती गरगर फिरवायचा. व्होर्टेक्स म्हणजे भोवरा, नाव त्यावरूनच. १९५८ साली हीच मंडळी ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनातही गेली होती.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला यात दिसतं. सूर कुणी, कधी तयार केले याने काय फरक पडतो? ते या खोलीत, या क्षणी कुठे जातायत, हे तुमच्या हातात आहे. तेच वाजवणं.

रात्रपाळी:
वरच्यांना +१. एक फालतू वाटेल असं सांगतो: लॅपटॉपवर लाल फिल्टर आणि कमीत कमी उजेड. पांढरा स्क्रीन घुमटावर उमटतो आणि ताऱ्यांचा सत्यानाश होतो. सिंथवरच्या निळ्या दिव्यांना चिकटपट्टी. आणि दृश्यंवाल्याला सांगा, आवाज आणि आकाश एकाच वेळी गरगरवू नकोस. आडव्या खुर्चीत बसलेल्यांना मळमळतं.

धागाकर्ता:
खर्जबहाद्दर, काल पॅचमधून (सिंथच्या जोडणीतून) अर्धा ताल काढून टाकला, जीव तुटला पण बरं वाटतंय. जुनी_तबकडी, तुमचं बायकोला वाचून दाखवलं, "म्हणजे तू पंखा फिरवणार" म्हणाली. असो.

आता एकच उरलं. आठ चॅनल हाताने फिरवायला जॉयस्टिक बरी की आठ फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या)? अंधारात चाचपडत वापरायचंय, हे धरून सांगा.