हॅलोविनच्या रात्री मळ्यात हॉरर बघायचाय, घरातल्या सगळ्यांना चालंल असं काय लावू?

तासगावकर
मंडळी, जरा मदत करा. ३१ ऑक्टोबरला मळ्यातल्या घरी पुण्याची भावंडं गोळा होणारेत, हॅलोविन हाय म्हणून रात्रभर पिक्चर बघायचेत म्हणतात. प्रोजेक्टर मित्राचा मिळालाय, नेटफ्लिक्स, प्राइम, सोनी लिव्ह सगळं हाय. अडचण अशी की बघणाऱ्यांत आठवीतली बहीण हाय, आत्या हायत आणि वहिनीला सातवा महिना लागलाय, त्यामुळं रक्ताचे पाट नकोत आणि आत्यांसमोर मान खाली घालायला लावणारे सीन पण नकोत. पण भीती खरी वाटली पाहिजे, नुसतं धाडकन दार आपटून दचकवणारं नको. घराच्या तिन्ही बाजूला ऊस उभा हाय, अजून ऊसतोडीची टोळी आलेली नाही, म्हणून माझ्या डोक्यात लपाछपी हा मराठी पिक्चर होता. काय म्हणता?

वाळव्याचा ऊसकरी
लपाछपीच लावा की! २०१७ चा, विशाल फुरियाचा, पूजा सावंत आणि उषा नाईक. आपल्याकडच्या माणसाला तो जेवढा भिडतो तेवढा शहरातल्याला नाही भिडत. रात्रीची लाईट असली की पाणी पाजायला जाणाऱ्याला विचारा, उसात शिरलं की दोन हातांवरचं दिसत नाही, वारा पडलेला असला तरी पाला कुठंतरी वाजतोच, बॅटरी मारली तर उजेड पहिल्या सरीतच अडतोय. त्यात ती बाई पळती पण पळून जाणार कुठं, चारी बाजूला तेच. आणि भुतामागचं कारण, मुलगी नको म्हणून पोटातच मारायचं, ते तर आपल्या जिल्ह्यानं डोळ्यांनी बघितलंय. मार्च २०१७ ला म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले आणि त्याच वर्षी जुलैत हा पिक्चर लागला. मी मिरजेत बघितला, सुटल्यावर कोण बोलतच नव्हतं.

कृष्णाकाठची
दादा, पिक्चर चांगलाय, पण वहिनींना सातवा महिना आहे हे वाचलंत का? त्यातली नायिका गरोदर आहे आणि सगळा पिक्चर तिच्या पोटातल्या बाळावर टपलेल्यांचा आहे. मी कराडला प्रसूती वॉर्डात काम करते. या दिवसांत बायकांची झोप आधीच उडालेली असते, बाळ तासभर हललं नाही तरी जीव टांगणीला लागतो, त्यांना कशाला ते दाखवायचं? छोरी पण नको, त्याच दिग्दर्शकानं २०२१ ला हिंदीत केलेली तीच गोष्ट आहे ती. त्यापेक्षा द अदर्स बघा, २००१ चा, निकोल किडमन. मोठं जुनं घर, बाहेर धुकं, दोन पोरांना उजेड सहन होत नाही म्हणून पडदे कायम ओढलेले, आणि आईचा नियम असा की एक दार कुलूप लावून बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. रक्त नावाला नाही आणि तरी मी पांघरूण तोंडावर घेऊन बघितलाय. ज्याला शेवट माहितीय त्यानं फक्त तोंड बंद ठेवायचं.

वाईचा घाटकरी
ताईंचं बरोबर हाय. तुंबाड कोणतरी सुचवणारच म्हणून आधीच सांगतो, लई भारी पिक्चर, २०२४ ला परत थेटरात लागला तर पहिल्यापेक्षा जास्त धंदा केला, पण सर्टिफिकेट ए हाय, आठवीतल्या पोरीला नको. सोनी लिव्ह हाय तर भूतकालम बघा, मल्याळम, २०२२, राहुल सदाशिवनचा. आजी जाते आणि आई-मुलगा दोघंच घरात उरतात, रेवतीनं आईचं काम असं केलंय की कितीतरी वेळ कळतच नाही, घरात काय हाय का यांची मनंच खचलीत. त्याच माणसाचा ब्रह्मयुगम पण हाय, २०२४ चा, पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट. मामुट्टी त्यात फासे खेळायला बसवतो आणि पैजेवर काय लावायचं, तर समोरच्याचा वेळ! तो मात्र बहीण झोपल्यावर लावा.

शाहूपुरी
हॅलोविन हाय तर १९७८ चा जॉन कार्पेंटरचा हॅलोविनच हवा ना, गोष्ट पण त्याच रात्रीची हाय. रक्त फार कमी, म्युझिक त्यानं स्वतःच केलंय आणि सगळी भीती त्या म्युझिकवर उभी हाय. पण आत्या असतील तर नको, एकदोन सीन अवघड जातील.

तासगावकर
ताई, लई उपकार झाले, वहिनीचा हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. लपाछपी बाद. फक्त आत्यांना सबटायटल वाचायला जमत नाही, त्यांचं काय करू?

कृष्णाकाठची
मग सुरुवात पछाडलेलानं करा, २००४ चा महेश कोठारेंचा. भरत जाधव, श्रेयस तळपदे, दिलीप प्रभावळकर, आत्या हसतील पण आणि मधेच हात पण धरतील. मग जेवणं उरका, आत्या आत गेल्या की द अदर्स, आणि भूतकालम शेवटी. वहिनींना पाठीला लोड आणि पाय ठेवायला स्टूल द्या, मधेच उठून जावंसं वाटलं तर कुणी थट्टा करायची नाही.

वाळव्याचा ऊसकरी
पटलं, मी पण हट्ट सोडतो. पिक्चर आदल्या दिवशी डाउनलोड करून ठेवा, मळ्यात नेटवर्क ऐनवेळी जातंय. दहानंतर दव पडतंय, प्रोजेक्टर पडवीत घ्या, अंगणात नको. आणि हे मनापासून सांगतो, आपल्याकडं उसात बिबट्या असतोय, पुण्याच्या पोरांना त्याची कल्पना नसती. बाहेर जायचं तर दोघादोघांनी, हातात बॅटरी घेऊन आणि मोठ्यानं बोलत.