बाटलीचा टी-शर्ट की कतरणीचा कुर्ता? सांगली-साताऱ्यात ‘इको’ म्हणून काय घ्यावं

उभाआडवा:
चर्चेला तोंड फोडतो. ‘प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेला’ अशी चिठ्ठी लावून टी-शर्ट विकले जातात आणि लोक पर्यावरणाचं भलं केल्याच्या समाधानात ते घेतात. माझं म्हणणं असं, की रोज अंगात घालायला ही निवड साफ चुकीची आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा आणि माधवनगर या गावांत माग चालू असताना तर जास्तच.

बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची, म्हणजे पॉलिस्टरचीच असते, झाकण वेगळ्या प्लास्टिकचं. झाकण-लेबल काढून बाटलीचे तुकडे करतात, कॉस्टिकच्या गरम पाण्यात धुतात, खडखडीत वाळवतात आणि साधारण २६० अंशांना वितळवून त्याचा तंतू ओढतात. इथवर तक्रार नाही. पण बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. टी-शर्टचा पुन्हा टी-शर्ट सहसा होत नाही, कारण त्यात सुती मिसळलेलं असतं, स्पॅन्डेक्स म्हणजे ताणणारा धागा असतो, रंग असतो. पुन्हापुन्हा वापरता येणारा माल आपण एकदाच वापरून कचऱ्यात घालतो. शिवाय दर धुण्याला त्यातून बारीक तंतू सुटतात. ते नाल्यातून शेवटी कृष्णेतच जाणार.

फायबर:
अर्धीच बाजू मांडलीत. नव्या पॉलिस्टरला कच्चं तेल लागतं, बाटलीच्या पॉलिस्टरला ते लागत नाही आणि ऊर्जाही कमी लागते. पॉलिस्टर घालावं की नाही यावर भांडण्यापेक्षा कुठे घालावं ते बोलू. जुलैत महाबळेश्वरला किंवा ठोसेघरला सुती कुर्ता घालून जा, दोन दिवस तो वाळायचा नाही. विंडचीटर, रेनकोट, ट्रेकची पँट या वस्तू मोसमात मोजक्या वेळा धुतल्या जातात, म्हणजे तंतूही कमी सुटतात. तिथे बाटलीचं पॉलिस्टर हाच शहाणपणा. एक दिवसाआड धुवायच्या टी-शर्टला मात्र नको, एवढं तुमचं मान्य.

घेताना टक्का विचारा. जीआरएस म्हणजे ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड. या प्रमाणपत्राला मालात किमान २० टक्के पुनर्वापराचा अंश चालतो, पण गिऱ्हाइकाला दिसेल असा शिक्का कपड्यावर लावायचा तर तो ५० टक्के लागतो. नुसतं हिरवं पान छापलेलं असेल तर त्याला काडीची किंमत देऊ नका. आणि फार स्वस्त मालापासून जपून. पीव्हीसीच्या लेबलाचे तुकडे राहिले तर धागा पिवळट पडतो, वाळवणीत ओल राहिली तर वितळताना त्याची ताकद जाते. असा माल शिवणीवर उसवतो.

उभाआडवा:
रेनकोटापुरतं कबूल. बाकीच्याला सुती कतरण. शिलाई कारखान्यांतली कतरण रंगाप्रमाणे निवडायची, बारीक कापायची, खिळ्यांच्या सिलिंडरवर फाडून पुन्हा कापूस करायचा आणि ओपन एंड या कताई यंत्रावर सूत काढायचं. रंग कतरणीतच असतो, त्यामुळे रंगणीचं पाणी, मीठ, सोडा सगळं वाचतं. पानिपत आणि तिरुपूरला हे चालतंच. सूत तिथून आणा, विणा इथे.

खर्चीवाला, विटा:
‘विणा इथे’ म्हणायला काय जातंय! चांगल्या कापसाचा तंतू २८-३० मिलिमीटरचा. फाडणीत बराचसा निम्म्यावर येतो. म्हणून त्यात नवा कापूस नाहीतर पॉलिस्टर मिसळल्याशिवाय सूत उभंच राहत नाही, आणि निघतं ते जाडं, बहुतेक २० नंबरच्या आतलं (नंबर लहान तेवढं सूत जाड). असलं सूत उभ्याला, म्हणजे मागावर लांबीने ताणलेल्या धाग्यांना, घातलं की संपलं. वहीत, म्हणजे उभे धागे वरखाली करणाऱ्या चौकटीत, घासून घासून तुटतं, माग सारखा बंद, माणूस दिवसभर गाठी मारत बसतो. मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर मिळते, माग बंद असेल तर कोण देणार? वर तुम्ही मागाल ते सूत उभ्याला घ्यायचं तर सायझिंगवाला, म्हणजे उभ्या सुताला खळ लावून ते बीमवर (मागाच्या रुळावर) गुंडाळून देणारा, शेकडो मीटरच्या खाली बीम भरत नाही. तुमच्या हौशी ड्रेसवाल्यांना पाहिजे असतं चाळीस मीटर.

आणि जुन्या कपड्यांची कतरण तर विसराच. बटणं, चेनी काढायला मजूर लागतात, आणि ‘शंभर टक्के सुती’ शर्टाचीसुद्धा शिलाई पॉलिस्टरच्या दोऱ्याची असते. तो दोरा फाडणीत मिसळतोच. स्पॅन्डेक्सवाली जीन्स तर सिलिंडरवर ताणते, फाटत नाही.

निऱ्या:
फाडाफाडीपेक्षा जसाच्या तसा कपडा वापरणं केव्हाही भारी. आपल्याकडे वाकळ काय होती? जुन्या लुगड्यांचे थर आणि धावदोरा. तेच तंत्र जाकिटाला लावलं की शहरात लोक वळून बघतात. जुन्या सुती साड्यांचे तीन थर, वरचा चांगला, आतले विरलेले चालतात. टाके अर्ध्या सेंटिमीटरचे, ओळींतलं अंतर एक सेंटिमीटर. आधी अख्खा तुकडा टाचून घ्यायचा आणि मगच त्यावर जाकीट बेतायचं, कारण धावदोऱ्याने कापड आक्रसतं. आधी कापलं तर छातीला कमी पडणार. दोरा सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा विरलेलं सुत कापत जातो.

सिल्कच्या साडीला मात्र हात लावण्याआधी घड्यांवरून बोट फिरवून बघा. घडीवर जिरलेली साडी शिवली की पहिल्या वाकण्यातच पाठीत फाटते. पदर आणि काठ बहुधा धड असतात, निऱ्यांचा आणि खालचा भाग गेलेला असतो. म्हणून पदरातून पाठ, काठातून बाह्या, आणि सगळ्याला मागून पातळ मलमलचं आस्तर.

माणदेशी:
सगळे सुतावर भांडताय, लोकर कुणी काढलीच नाही. माण, खटाव, आटपाडी, जत इथल्या दख्खनी मेंढ्यांची लोकर वर्षातून दोनदा कातरली जाते आणि पुष्कळदा तिला भावच मिळत नाही. खड्डामागावर घोंगडी विणतात, उभ्याला चिंचोक्याची खळ लावतात, काळ्या लोकरीला रंगवायची गरजच नाही. यापेक्षा पर्यावरणपूरक काय असतं? घोंगडीच्या कापडाचं बिनबाह्यांचं जाकीट साताऱ्याच्या थंडीत झकास दिसतं.

कात्रीवाला मिरज:
दिसतं झकास, टोचतं त्याहून झकास. ती भरड लोकर आहे, मेरिनो नव्हे. मानेला आणि काखेला सुती पट्टी, आत पूर्ण आस्तर, हे नसेल तर गिऱ्हाईक तासाभरात काढून ठेवतं. कापलेली कडा सुटत जाते. म्हणून कापल्या कापल्या ओव्हरलॉक मारा आणि वरून तिरक्या कापडाची पट्टी लावा. सुई १६ किंवा १८ नंबर. गरम पाणी आणि मशीन वर्ज्य, लोकर आटून घट्ट होते. कपाटात ठेवताना ऊन दाखवलं नाही तर कसर लागते. हे सगळं विक्रेता सांगत नाही आणि मग ‘गावठी माल’ म्हणून नाव खराब होतं.

आणखी एक. ‘सांगलीची हळद’ म्हणून हळदीत रंगवलेले कुर्ते विकणाऱ्यांनी जरा दम खावा. हळद उन्हात उडते आणि साबणाच्या पाण्यात लालसर होते, हे कुठल्याही घरात माहीत आहे. आपल्या भागात टिकाऊ पिवळा हवा तर डाळिंबाची साल आहे की! आटपाडी-जतला डाळिंबाला तोटा नाही.

फायबर:
साल चांगली, पण प्रमाण सांगा. नाहीतर लोक कापड कुजवतील.

कात्रीवाला मिरज:
घ्या. एक किलो सुती कापडाला: आधी धुण्याचा सोडा आणि साबण घालून तासभर उकळून खळ काढा. खळ राहिली तर रंग डागडाग चढतो. मग हिरड्याची पूड १५० ग्रॅम पाण्यात कालवून त्यात रात्रभर भिजवा, न धुता वाळवा. तुरटी १५० ग्रॅम कोमट पाण्यात विरघळवून त्यात दोनेक तास, मग हलकं धुणं. वाळलेली साल ३०० ग्रॅम तासभर उकळून गाळा आणि त्या पाण्यात कापड ८० अंशांच्या आसपास एक तास हलवत ठेवा. करडा-हिरवट हवा असेल तर शेवटी हिराकस (लोहाचा क्षार) १० ते २० ग्रॅम, दहा मिनिटं, बास. हिराकस जास्त झाली की सुत जळल्यासारखं होतं आणि काही महिन्यांत कापड आपोआप फाटतं. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पिवळा मळकटच येणार, तिथे पावसाचं साठवलेलं पाणी वापरा. ही शिवायच्या आधीची कामं. दाट विणीचं कोरं कापड असेल तरी पाच टक्के आटतं, हातमागाचं त्याहून जास्त. ३६ इंच पन्ह्यात पूर्ण बाहीचा शर्ट बसवायचा तर सव्वादोनऐवजी अडीच मीटर धरा.

उभाआडवा:
खर्चीवाले, तुमचं उभ्याचं दुखणं खरं आहे. पण उभा बदला असं मी म्हणतच नाही. चालू बीमवर, समजा ३० नंबरच्या उभ्यावर, फक्त आडव्याला कतरणीचं २० नंबरचं सूत लावा. आडव्याला ताण कमी, सूत टिकतं. कापडात बहुतेक निम्मा अंश कतरणीच्या सुताचा होतो आणि आडवा रंगीत, उभा पांढरा असल्याने एक छान धुरकट छटा येते, ती छपाईने येत नाही. चाळीस मीटरसाठी नवा बीम भरायला नको.

खर्चीवाला, विटा:
जाड सूत आडव्याला आलं की पीक कमी करावे लागतात, नाहीतर कापड कडक होऊन शर्ट उभाच राहतो. त्यासाठी गिअरचं चाक बदला, धोट्यात घालायच्या आडव्या सुताच्या कांड्या वेगळ्या भरा, चाळीस मीटर झाले की सगळं पुन्हा मूळ जागी आणा. आणि मीटरला पीक कमी म्हणजे मजुरीही कमी. अर्धा दिवस त्यात जातो. पिकाचा हिशोब सोडून मीटरचा ठोक भाव ठरवा, चाक बदलायचे वेगळे द्या, सूत आणि ते गुंडाळलेल्या कोनाचे नमुने आधी दाखवा. फार ओलं किंवा गुठळ्यांचं सूत असेल तर धोट्यातच अडकतं, ते मी घेणार नाही. एवढं असेल तर शनिवारी मागावर या.

निऱ्या:
साठ मीटर करा. वीस मीटर मी घेते, पण आडवा काळा-राखाडी कतरणीचा हवा, लाल नको. लाल कतरण पुष्कळदा पहिल्या दोन धुण्यांत रंग सोडते.