मदत हवी आहे: रामदास बोट आणि शिवणकाम करणारी नायिका

नमस्कार मंडळी. मी अलिबागची. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली, त्यावर कादंबरी लिहितेय. सहाशेहून जास्त माणसं गेली. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावस्या, म्हणून कित्येकजण सणाला घरी निघाले होते.

माझी नायिका एकोणीस वर्षांची, गिरगावात एका शिंप्याकडे काजं-बटणं करणारी. बोट बुडूनही ती जिवंत वाचते. पण कशी, तिथेच माझं घोडं अडलंय. नऊवारी लुगडं भिजलं की अंगाला चिकटतं, जड होतं. कासोटा घट्ट असेल तर पाय मोकळे राहतात का, की ओचा सुटून तोच पायात गुंततो? कोळीवाड्यातल्या बायांनी लहानपणापासून लुगड्यात पाण्यात उतरलेलं असतं, त्यांचं सांगणं मला पुस्तकापेक्षा मोलाचं आहे. आजीला विचारून कळवलंत तरी चालेल.

दुसरं, त्या काळी कापड रेशनवर होतं. शिवणाऱ्या बाया उरलेल्या चिंध्यांचं काय करत? गोधडी सोडून आणखी काही? तिच्या कनवटीला सुया खोचलेली फ्लॅनेलची पट्टी आहे. ती खाऱ्या पाण्यातून निघाल्यावर सुया किती दिवसांत गंजतील?

आणि रेवस, बोडणीकडे कुणाच्या घरी त्या दिवसाच्या आठवणी सांगितल्या जात असतील, तर मी येऊन ऐकेन. नावं कुठेही छापणार नाही.