प्रतिसाद: एकाच प्रथिनावर वीस वर्षं

‘एकाच प्रथिनावर वीस वर्षं घालवायची म्हणजे करिअर वाया’ हे मत मला अजिबात पटत नाही. आपल्या पुण्यातलंच उदाहरण आहे. जीवशास्त्रज्ञ डॉ. संजीव गलांडे यांनी आधी विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत आणि मग पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत सॅटबी-१ या प्रथिनाचा पिच्छा पुरवला. २०१० साली विज्ञानातला मानाचा भटनागर पुरस्कारही मिळवला. पेशीच्या एवढ्याशा केंद्रकात जवळपास २ मीटर डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळून बसलेला असतो. छातीतल्या थायमस ग्रंथीत टी-पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घडताना त्यातले वेढे कुठे बांधले जातात आणि कोणती जनुकं चालू होतात, हे ठरवण्यात या प्रथिनाचा हात असतो. हा विषय दोन-चार पेपरांत संपणारा नव्हेच.

वेळ का लागतो, तेही सांगते. एमएस्सीनंतर मी इथल्याच एका प्रयोगशाळेत दोन वर्षं ‘चिप’, म्हणजे एखादं प्रथिन डीएनएवर नेमकं कुठे बसतं ते शोधायचा प्रयोग, करत होते. फॉर्माल्डिहाइडने प्रथिनं डीएनएला जागच्या जागी चिकटवायची, ध्वनिलहरींनी (सोनिकेशन) क्रोमॅटिनचे, म्हणजे प्रथिनांसकट डीएनएचे, तुकडे करायचे आणि ठरावीक प्रथिनालाच पकडणाऱ्या अँटिबॉडीने हवे तेवढेच तुकडे ओढून काढायचे. एकदा अँटिबॉडीची नवी कुपी आली आणि आधी स्वच्छ दिसणारा सिग्नल गायबच झाला. पेशी, बफर, सोनिकेशन, सगळं तपासून झालं. दोष त्या कुपीच्या लॉटमध्ये (उत्पादनाच्या खेपेत) आहे हे कळेपर्यंत चार महिने गेले! तेव्हापासून प्रत्येक नवा लॉट आधी जुन्या नमुन्यावर चालवून बघायचा, असा आमच्याकडे नियमच झाला.