लफेव्र दे नोएत यांचा सिद्धान्त : घोड्याच्या गळ्यातला पट्टा आणि गुलामगिरी

दादरकर (प्रश्न) :

नमस्कार. रिशार लफेव्र दे नोएत (१८५६–१९३६) यांच्यावर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहायला घेतला आहे आणि एका ठिकाणी अडलो आहे. हे फ्रेंच घोडदळातले अधिकारी. निवृत्तीनंतर प्राचीन शिल्पांतला आणि चित्रांतला घोड्यांचा साज ते चिकाटीने तपासत गेले, आणि १९३१ मध्ये जनावरे जुंपण्याच्या पद्धतींचा त्यांचा दोन खंडांतला इतिहास प्रसिद्ध झाला : एका खंडात मजकूर, दुसऱ्यात चित्रे. त्यांचे म्हणणे असे, की ग्रीक-रोमन काळात गाडीच्या घोड्याच्या गळ्याभोवती मऊ पट्टा असे. घोडा जोर करू लागला की तो श्वासनलिकेवर दाबला जाई आणि त्याचा श्वास कोंडे, त्यामुळे सुमारे ५०० किलोंपलीकडे ओझे ओढणे जमत नसे. मध्ययुगात खांद्याच्या फऱ्यांवर टेकणारे भरीव कडे आले तेव्हा जनावराची खरी ताकद कामी आली आणि माणसांना गुलाम करून राबवण्याची गरज सरली. ग्रंथाच्या उपशीर्षकातच गुलामगिरीच्या इतिहासाचा उल्लेख आहे. वाचताना हे इतके पटत जाते, की शंका घ्यायला मन धजत नाही. अभ्यासकांनी यातले आज काय मान्य ठेवले आहे, हे कोणी सांगेल का?

फोर्टातला वाचक :

आपण शंका अवश्य घ्यावी. तो या माणसाचा सन्मानच ठरेल, कारण त्यांनी स्वतःही केवळ ग्रंथांवर विसंबून न राहता १९१० मध्ये जुन्या पद्धतीचा साज घोड्यांवर चढवून ओझे ओढवून पाहिले होते. अडचण त्या प्रयोगातच आहे. झाँ स्प्रुइत या फ्रेंच संशोधकाने पुढे असेच साज पुन्हा बनवून गाड्या जुंपल्या आणि १९७७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी दाखवून दिले, की प्राचीन काळी घोडा जुंपण्याच्या निदान दोन निरनिराळ्या पद्धती होत्या. एका पद्धतीत जू मानेवर असे, दुसरीत ते पाठीवर असून ओढ छातीवरच्या पट्ट्याने घेतली जाई. लफेव्र दे नोएत यांनी या दोन्हींचे भाग एकत्र करून कोणीही कधी न वापरलेला असा तिसराच साज तयार केला, आणि त्याने घोडा गुदमरला यात नवल नाही. शिल्पकार पट्टा कोरतो तो डोळ्यांना दिसतो तसा; ओढ नेमकी कोणत्या गाठीवर येते हे दाखवणे त्याचे काम नसते.

५०० किलोंचा आकडाही मुळातून पाहण्यासारखा आहे. त्याला मोठा आधार इ. स. ४३८ च्या थिओडोशियन संहितेचा, म्हणजे रोमन सम्राटांच्या कायद्यांच्या संग्रहाचा. सरकारी वाहतुकीच्या जड गाडीला तीत १,५०० रोमन पौंडांची, म्हणजे सुमारे ४९० किलोंची मर्यादा घातलेली आहे. पण ती गाडी बैल ओढत, आणि बैलाचा गळा आवळला जाण्याचा प्रश्नच नव्हता! त्याच संहितेत हलक्या गाडीला उन्हाळ्यात आठ आणि हिवाळ्यात दहा खेचरे जुंपून मर्यादा अवघी १,००० पौंड ठेवली आहे. दहा खेचरांना सव्वातीनशे किलो ओढवत नाहीत असे कोण म्हणेल? ही मर्यादा जनावरे, गाड्या आणि रस्ते फार झिजू नयेत म्हणून घातलेली होती. जनावराच्या ताकदीचे ते मोजमाप नव्हे.

शिवाय ओझे एकट्या साजावर ठरत नाही. आपल्या मुंबईत १८७४ ते १९०५ या काळात एक किंवा दोन घोडे माणसांनी भरलेली ट्राम ओढत असत, ते चाकाखाली लोखंडी रूळ होते म्हणून. तेच घोडे, तोच साज घालून, खडकाळ रस्त्यावर तेवढे ओझे ओढू शकले नसते.

माहीमची अभ्यासक :

गुलामगिरीचा मुद्दा वेगळा काढावा, कारण तो पट्ट्याच्या प्रयोगाने सुटत नाही. त्यावर सर्वांत नेमका आक्षेप फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांनी घेतला, आणि तो कालक्रमाचा होता : पश्चिम युरोपातली गुलामगिरी कड्याच्या प्रसाराच्या आधीच ओसरत चालली होती, मग कडे तिचे कारण कसे ठरेल? उलट राबणारी माणसे कमी पडू लागली म्हणून जनावराच्या आणि पाण्याच्या शक्तीकडे लक्ष वळले, असेच म्हणणे अधिक सयुक्तिक आहे. १९३५ मध्ये ‘आनाल’ या फ्रेंच इतिहासविषयक नियतकालिकाचा तंत्रेतिहासावर विशेषांक निघाला, त्यात ब्लॉक यांचा पाणचक्कीवरचा निबंध आला आणि त्याची मांडणी याच धर्तीची आहे : पाणचक्की प्राचीनांना ठाऊक होती, पण तिचा खरा प्रसार मध्ययुगात झाला. शोध लागणे आणि तो समाजात रुजणे या दोन घटना आहेत, हे मला तिथे पहिल्यांदा लखलखीतपणे कळले.

आँद्रे-जॉर्ज ओद्रिकूर (१९११–१९९६) यांचाही उल्लेख लेखात असावा. शेतीशास्त्र आणि भाषाशास्त्र या दोन्हींत मुरलेल्या या संशोधकाने १९३६ मध्ये आधुनिक साजाचा उगम शोधताना निरनिराळ्या भाषांतले साजाचे शब्द ताडून पाहिले. वस्तू जिथून आली तिथले नाव ती अनेकदा सोबत घेऊन येते, हा त्यांचा धागा.

लालबागकर :

माझे आजोळ साताऱ्याकडचे, म्हणून बैलाविषयी लिहितो. बैलाचे वशिंड ही जू टेकायला निसर्गाने दिलेली जागाच आहे. मान खाली घालून तो सगळा जोर जुवावर टाकतो. शिवळा, म्हणजे जुवातल्या मानेलगतच्या खुंट्या, त्याला बाजूला सरकू देत नाहीत आणि सापती, म्हणजे गळ्याखालून बांधलेला पट्टा, सैल राहते, तिच्यावर ओढ येत नाही. घोड्याला वशिंड नाही, शिवाय तो मान उंच धरून चालतो, म्हणून बैलाचे जू त्याला जसेच्या तसे चालत नाही. लफेव्र दे नोएत यांच्या म्हणण्यातला एवढा गाभा मला आजही खरा वाटतो. जन्मभर घोड्यांत वावरलेल्या माणसाचीच ती नजर आहे.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. मामा हळद-तूप लावून बैलाचा खांदा चोळत, तेव्हा त्या जागेवर हात फिरवला की घट्टा लागे : तळहाताएवढा, केस झडलेला, जुन्या चामड्यासारखा कडक. वर्षभराची ओढ कुठे आली ते शोधायला दुसरा पुरावा लागत नसे. आपल्या लेखासाठी जुवाची मापे हवी असतील तर जुने जू अजून मामांच्या गोठ्यात आहे. गणपतीला गावी जाणार आहे, तेव्हा दोन्ही टोकांचे आणि मधल्या खाचेचे माप घेऊन इथे देतो.