मदत हवी: रेडशिफ्ट उणे येतोय, चूक कुठे?

मांडवीकाठ: तीन रात्री गेल्या. वर्णपटात ५६३० अँगस्ट्रॉम तरंगलांबीला रुंद उंचवटा येतो. हायड्रोजनची अल्फा रेषा मूळ ६५६३ची, त्यावरून रेडशिफ्ट (रेषा लाल टोकाकडे किती सरकली तो आकडा) z = −०.१४! म्हणजे ही आपल्याकडे धावत येतेय? सोमवारी प्रकल्प दाखवायचाय, लवकर सांगा.

फोंडेकर: 'ही' म्हणजे कोण? दुर्बीण कुठली? डेटा स्वतःचा की उतरवलेला? आम्हाला काय देवचार येऊन सांगणार?

गच्चीवाला: पणजीतून घेतलंस ना? मग तो रस्त्यावरचा सोडियम दिवा. कॅसिनोंच्या झगमगाटात दुसरं काय दिसणार! नेत्रावळीच्या अंधाऱ्या जंगलात जा.

फोंडेकर: सोडियम ५८९०ला असतो रे.

मांडवीकाठ: ३सी २७३, क्वेझार (दूरच्या दीर्घिकेचं झगझगीत केंद्र). आठ इंची दुर्बीण, १०० रेघांचं ग्रेटिंग (उजेडाचे रंग वेगळे करणारी जाळी), त्यापुढे अरुंद फट नाही. तरंगलांबीची मोजपट्टी मघा (रेग्युलस) या ताऱ्यावरून लावली.

फोंडेकर: हे आधी सांगायला काय झालं होतं! फट नाही तर दिव्याचा उजेड पार्श्वभूमीत पसरतो, उंचवटा करत नाही. दुसरा उंचवटा आहे?

मांडवीकाठ: ५०२५च्या आसपास, बारीक. गोंगाट समजून सोडला.

फोंडेकर: अरे, तोच तर हवा होता! ५६३० भागिले ५०२५ म्हणजे १.१२. हायड्रोजनची बीटा रेषा मूळ ४८६१ची, गामा ४३४०ची, त्यांचा भागाकारही १.१२. रेडशिफ्ट सगळ्या रेषा एकाच पटीत ताणतो, गुणोत्तर हलत नाही. तुझी 'अल्फा' ही बीटा आहे. z = ०.१५८. १९६३मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी याच क्वेझारच्या रेषा अशाच ओळखल्या. खरी अल्फा ७६००ला जाते, नेमकी आपल्या हवेतला ऑक्सिजन उजेड शोषतो त्या पट्ट्यात, म्हणून कुरतडलेली दिसते.

म्हापशेकर आजोबा: एवढा खटाटोप कशाला? सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढून पॅरॅलॅक्स (पृथ्वीची जागा बदलल्याने दिसणारं सरकणं) मोजा. आम्ही १९८६ला हॅलेचा धूमकेतू पाहिला तेव्हा...

रात्रपाळी: आजोबा, दोन अब्ज प्रकाशवर्षांवर पॅरॅलॅक्स? मांडवीकाठ, ०.१५८ गुणिले तीन लाख (प्रकाशाचा वेग, किमी/सेकंद), भागिले ७० (H₀, विश्व प्रसरण्याचा दर). अंतर साधारण ६७७ मेगापार्सेक, म्हणजे तेच दोन अब्ज प्रकाशवर्षांच्या वर.

फोंडेकर: एवढ्या z ला सरळ भागाकार ढोबळच. विश्वाचं प्रसरण धरून अंतर काढणारा कॉस्मॉलॉजी कॅल्क्युलेटर वापर, H₀ कितीचा घेतलास तेही लिही.

रात्रपाळी: एमएस्सीच्या प्रकल्पाला तेवढं पुरतं.

फोंडेकर: नाही पुरत.

गच्चीवाला: बरं, पावसाळ्यात दुर्बिणीच्या भिंगाला बुरशी येते, त्यावर कुणाकडे उपाय?

म्हापशेकर आजोबा: सिलिका जेल. आणि पेटी देवघरात ठेवा, तिथे रोज दिवा लागतो.

मांडवीकाठ: ०.१५८ आला! पण ऑक्सिजनच्या ५००७ रेषेचं काय? ती दिसतच नाही...

फोंडेकर: ती ५७९८ला. आधी आलेख टाक.