धुळे: जुनं चित्र संग्रहालयाला द्यायचंय, मूल्यांकन कुणाकडून?

पांझराकाठ: आजोबांकडचं, 'रविवर्मा' सही असलेलं लक्ष्मीचं चित्र धुळ्याच्या राजवाडे मंडळाच्या संग्रहालयाला द्यावं असं घरात ठरतंय. किंमत आधी काढावी का? करात सूट मिळेल?

तापीकर: आधी दहापट भिंग लावून बघा. रंगात बारीक ठिपके दिसले तर ती छापील ओलिओग्राफ. किंमत मूळ चित्रापुढे किरकोळ. खालच्या कडेला छापखान्याचं नाव सापडतं, मात्र चौकटीत झाकलेलं असतं. स्वतः चौकट उचकटू नका, जुना कागद कडेला काचेला चिकटलेला असतो, सोलून निघतो.

अहिराणीभाऊ: करसवलतीचं विसरा. आयकरातली देणगीची (80जी) वजावट फक्त पैशाच्या देणगीला, वस्तूला नाही. मूल्यांकन विमा आणि वाटणीपुरतं. घेणाऱ्या संग्रहालयाकडून किंमत लिहून मागू नका, त्रयस्थ मूल्यांकक गाठा. त्याला पुढून, मागून आणि सहीचा जवळून असे फोटो, चौकटीशिवायचं माप पाठवा. मागचं लेबल पुसू नका भाऊ!

तापीकर: हातानं काढलेलं आणि शंभर वर्षांवरचं निघालं, तर 1972 च्या पुरावशेष (म्हणजे जुन्या कलावस्तू) कायद्याखाली नोंदणी आहे का बघा, मालकी बदलल्याचंही कळवावं लागतं. दानपत्रावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. 'कायम भिंतीवरच लावा' ही अट टाकलीत की बहुतेक संग्रहालयं नकार देतात.